कार्ड नवीन, एसएमपीएस जुना

ह्या वेळी आलेले प्रश्न समोर घेऊन बसलो तर बरेचसे एकाच गोष्टीचे निघाले. नवीन ग्राफिक्स कार्ड आणलं, बसवलं, आणि पीसी एकतर चालूच होईना किंवा मधेच बंद पडायला लागला. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. (एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो डबा, जो भिंतीतली वीज घेऊन पीसीच्या सगळ्या भागांना पुरवतो.) ज्यांनी नुसतं "कार्ड खराब आहे का" एवढंच विचारलंय त्यांनी पहिलं उत्तर नीट वाचा, बहुतेकांचं काम त्यातच होईल.

प्रश्न : नमस्कार सर. मुलाला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली म्हणून आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेऊन दिलं, १२ जीबीवालं. पीसी २०१९ ला असेंबल केलेला, रायझन ५ २६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आधी जीटीएक्स १०५० टीआय होतं, त्याने इतक्या वर्षांत कधी त्रास दिला नाही. नवीन कार्डवर विंडोज चालू होतं, यूट्यूब चालतं, मुलाचं थ्रीडीचं सॉफ्टवेअर ब्लेंडरपण उघडतं, पण रेंडर (थ्रीडी चित्र तयार करायचं जड काम) लावला किंवा गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत खटकन बंद, घरची लाईट गेल्यासारखं, आणि मग आपोआप परत चालू होतो. ब्लू स्क्रीन वगैरे काही येत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ असं दिसतं. ज्यांच्याकडून कार्ड घेतलं ते म्हणतात कार्ड ओके आहे, ओळखीचा रिपेअरवाला म्हणतो कार्डच खराब आहे, परत करा. परत करायची मुदत चार दिवसांत संपतेय. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला आहे, ४५० वॅटचा. काय करू? — एक पालक, इचलकरंजी

उत्तर : आधी एक काम आजच करा, ज्यांच्याकडून कार्ड घेतलंय त्यांना मेल करून तक्रार लेखी नोंदवून ठेवा, म्हणजे आपण तपासत बसलो आणि मुदत टळली असं नको. मग पुढचं.

उत्तर लिहिण्याआधी मी तुम्हाला एसएमपीएसच्या लेबलचा फोटो मागितला होता आणि तो तुम्ही पाठवला, त्यातच सगळं आहे. बाहेर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलंय, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर आहे. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही आपली वीज ह्या १२ व्होल्टच्या लाईनमधूनच घेतात, तेव्हा तुमच्या कामाचा आकडा १९२ हा आहे. बाकीचे वॅट ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट ह्या लाईन्स मोजून दाखवलेत, त्या आजच्या पीसीत फारशा वापरल्याच जात नाहीत. चांगल्या एसएमपीएसमध्ये ५५० वॅट लिहिलेलं असेल तर १२ व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं सापडतं, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद तिथेच. दुकानात गेलात की बॉक्सवरचा मोठा आकडा बघू नका, हा छोटा तक्ता बघा.

आता हिशोब. तुमचं जुनं १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड होतं, आणि मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो, म्हणून बऱ्याच १०५० टीआयना वेगळी पॉवर केबलच लागत नाही. ३०६० चे १७० वॅट. रायझन ५ २६०० वर ६५ वॅट लिहिलंय तरी पूर्ण लोडवर सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून तीस-चाळीस धरा. झाले जवळपास ३०० वॅट, आणि देणारा १९२ चा. यूट्यूब बघताना कार्ड जेमतेम वीस-तीस वॅटच घेतं म्हणून तेव्हा काही होत नाही, रेंडर लावला की दोन्हीकडून मागणी एकदम वाढते आणि एसएमपीएस आपल्या संरक्षणासाठी हात वर करतो. त्यात आजकालची कार्डं एकसारखी वीज घेत नाहीत, सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्यापुरती मागणी लिहिलेल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळते. नवीन एटीएक्स ३.० च्या नियमात तर एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंदपर्यंत झेलली पाहिजे असं म्हटलंय, ते ह्याच कारणाने.

कर्नल-पॉवर ४१ बघून घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट शटडाऊन न होता बंद झालं. कशामुळे झालं ते त्यात लिहिलेलं नसतं, तुम्ही प्लग उपटलात तरी हेच येईल. त्यावरून कोणी कार्ड खराब म्हणत असेल तर ते चूक आहे.

फोटोत मला अजून एक गोष्ट दिसली आणि तिची मला जास्त काळजी वाटतेय. कार्डाच्या ८ पिनला तुम्ही दोन मोलेक्सपासून (जुन्या डिस्कसाठीचे चार पिनचे प्लग) बनवलेला जोड लावलाय, आणि ती दोन्ही मोलेक्स एकाच केबलवरची आहेत. म्हणजे कार्डाला स्लॉटशिवाय जे शंभरेक वॅट लागतात ते सगळे एका बारीक पिवळ्या वायरीतून चाललेत. हात लावून बघितलं असतं तर ती वायर गरम लागली असती. असे जोड वितळलेले मी स्वतः काढलेत, प्लॅस्टिक पिनला चिकटून बसतं आणि कधी कधी कार्डाचं सॉकेटपण जातं. तेव्हा तो जोड आत्ता काढून टाका आणि नवीन एसएमपीएस येईपर्यंत जुनं १०५० टीआय लावून काम चालवा.

खात्री कशी करायची? सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कोणा मित्राकडे ५५० किंवा ६५० वॅटचा बऱ्यापैकी एसएमपीएस असेल तर तो त्याच्याच सगळ्या केबल्ससकट एक संध्याकाळ आणा, कॅबिनेटमध्ये बसवायचीपण गरज नाही, बाजूला टेबलावर ठेवून जोडा आणि तोच रेंडर तासभर चालवा. चालला तर कार्ड चांगलं आहे, प्रश्न मिटला. तरीही बंद पडला तर कार्डाकडे बोट दाखवायला तुमच्याकडे ठोस कारण आहे, बिनधास्त परत करा. मुलाचं हे रोजचं काम असेल तर घेताना ६५० चा घ्या. कार्डाची कंपनी एनव्हिडिया ३०६० साठी ५५० सांगते आणि ते पुरेसं आहे, पण पुढे प्रोसेसर बदलला तर परत हाच खेळ नको. आणि कार्डासाठी ६+२ पिनची स्वतःची केबल असलेलाच घ्या.

रिपेअरवाल्याला दोष देऊ नका हो, २०१९ च्या जोडणीला तो एसएमपीएस खरंच पुरत होता, म्हणून त्याचं लक्ष तिकडे गेलं नसावं. पण दुकानदारांनी कॅबिनेटबरोबर एसएमपीएस "फ्री" देणं बंद करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, लोक प्रोसेसरवर पंधरा हजार घालतात, कार्डावर तीस, आणि ज्याच्यावर सगळं उभं आहे तो भाग कोणता आहे हेही त्यांना माहीत नसतं.

प्रश्न : सर मी बारावीत आहे, पहिलाच पीसी स्वतः असेंबल केला. आय५-१२४००एफ, आरटीएक्स ४०६०, ६५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस. पंखे फिरतात, लाईटी लागतात, पण मॉनिटरवर नो सिग्नल. तीन दिवस झाले, घरात बोलणी खातोय. बोर्डवर व्हीजीए लिहिलेला छोटा लाईट लागून राहतो. — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : अरे पहिल्या पीसीला हे खूप जणांचं होतं, धीर सोडू नकोस. एसएमपीएस तुझा चांगला आहे, ४०६० ला ११५ वॅटच लागतात, तेव्हा ताकद कमी पडतेय असं नाही.

पहिली गोष्ट, एचडीएमआय केबल कुठे लावलीस? १२४००एफ मधल्या त्या एफचा अर्थ प्रोसेसरमध्ये डिस्प्ले नाहीच, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून कधीच चित्र येणार नाही. केबल खाली कार्डाच्या पोर्टात लागली पाहिजे. पण तुझा व्हीजीएचा लाईट लागून राहतोय म्हणजे बोर्डाला कार्डच सापडत नसावं, तेव्हा नुसतं एवढ्यावर थांबू नकोस.

प्लग काढ, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धर, कार्ड बाहेर काढ. आता स्लॉट बघ, सगळ्यात वरचा लांब स्लॉटच वापरायचा. कार्ड सरळ खाली दाबायचं, शेवटी स्लॉटच्या टोकाच्या क्लिपचा टक् आवाज आला पाहिजे. बऱ्याच वेळा कॅबिनेटची मागची पट्टी जराशी वाकडी असते, मग कार्ड मॉनिटरच्या बाजूने बसतं आणि आतल्या बाजूने एखादा मिलिमीटर वर राहतं, डोळ्यांना बसल्यासारखं दिसतं पण बसलेलं नसतं. स्क्रू घट्ट करतानापण ते उचललं जातं. स्क्रू लावायच्या आधी एकदा चालू करून बघ.

मग पॉवरची केबल. एसएमपीएसमधून आठ पिनच्या दोन तऱ्हेच्या केबल्स येतात आणि इथे नवीन मुलं हमखास गोंधळतात. एक ४+४ अशी सुटणारी, ती प्रोसेसरची, बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते. दुसरी ६+२ अशी सुटणारी, ती कार्डाची. पिनांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत आणि आत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूंना आहेत, त्यामुळे जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसवलीस तर थेट शॉर्ट. जात नसेल तर जोर लावू नको, केबल चुकीची आहे असं समज. ६+२ मधले ते दोन पिनचे पिल्लूपण नीट सोबत आत गेलंय का बघ, ते अर्धवट राहतं.

एवढं करून चित्र आलं नाही तर बोर्डवरचं गोल बटण सेल पाच मिनिटं काढून परत लाव, आणि मॉनिटरवर इनपुट एचडीएमआय निवडलेलं आहे का बघ. मग मात्र जवळपास कोणाच्या चालू पीसीत हे कार्ड लावून बघ, पाच मिनिटांचं काम आहे, आणि तिथेही नाही चाललं तर बदलून घे. घरच्यांना सांग की तीन दिवस काही जास्त नाहीत.

प्रश्न : मी ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतलाय, सहाव्या जनरेशनचा आय५, बारीक कॅबिनेट. आत एसएमपीएस २४० वॅटचा आहे. मुलांना थोडे गेम खेळायचेत. आरएक्स ५८० जुनं स्वस्तात मिळतंय, साटापासून ६ पिन बनवणारी केबलपण मिळते म्हणतात. घेऊ का? — नांदेड

उत्तर : नका घेऊ. आरएक्स ५८० एकटं १८५ वॅटचं आहे. आणि ती साटावाली केबल तर अजिबात नको, डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, एकेक दीड अँपिअरची, सगळ्या मिळून ५४ वॅट, आणि ६ पिनला कार्ड ७५ पर्यंत मागू शकतं. मुलांच्या खोलीत असा जोड लावून झोपायला जावं असं मला तरी वाटणार नाही.

ह्या ऑफिसच्या मशीनमध्ये एसएमपीएस बदलायचापण प्रश्न असतो. पुष्कळ मॉडेलमध्ये बोर्डाचा प्लग नेहमीचा २४ पिनचा नसून कंपनीचा स्वतःचा असतो आणि डब्याचा आकारही वेगळा, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस आणून बसवू म्हटलं तर बसत नाही. तेव्हा कार्डच असं बघा जे सगळी वीज स्लॉटमधून घेतं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड ७० वॅटचं आहे (८ जीबीवालं घेऊ नका, ते १३० चं आहे, नाव एकच असल्यामुळे फसायला होतं). जीटीएक्स १६५० ७५ वॅटचं, पण त्याच्या काही मॉडेलवर ६ पिनचं सॉकेट आहे, ते सोडून बिनसॉकेटचं बघा. बारीक कॅबिनेटला लो प्रोफाइल म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागतं आणि सोबत छोटी पट्टी आली पाहिजे, मोजमाप घेऊनच जा.

२४० वॅटला हे चालतं का? १६५० ला एनव्हिडिया ३०० वॅटचा एसएमपीएस सुचवते, तेव्हा कागदावर तुम्ही खालीच आहात. पण सहाव्या पिढीचा आय५ ६५ वॅटचा, कार्ड ७५, बाकी तीस-चाळीस, म्हणजे १८० च्या आतबाहेर, आणि ह्या ऑफिसच्या मशीनचे एसएमपीएस लिहिलेलं तेवढं देणारे असतात, लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर मात्र बघाच. लोक असं वर्षानुवर्षं वापरतात. धूळ काढून घ्या, मागची हवा मोकळी ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे लाईट सारखी जाते म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस आहे. नवीन आरटीएक्स ३०६० आणि नवीन ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस टाकल्यापासून गेम चालू असताना लाईट गेली की यूपीएस कर्कश्श ओरडतो आणि सगळं बंद. साधं काम करताना गेली तर काही होत नाही. यूपीएसची बॅटरी नवीन आहे. — लातूर

उत्तर : बॅटरीचा दोष नाही. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा यूपीएसच्या मागे बघा, बहुतेकांवर ३६० वॅट लिहिलेलं असतं, तोच खरा आकडा. आता तुमचा पीसी गेममध्ये समजा ३०० वॅट घेतोय. ते आतले ३००. ब्रॉन्झ एसएमपीएस अर्ध्या लोडवर ८५ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो, म्हणजे तेवढं द्यायला भिंतीतून साडेतीनशेच्या वर ओढतो, बाकीची उष्णता होऊन मागच्या पंख्यातून निघून जाते. वर मॉनिटरचे पंचवीस-तीस. झाले ३८०. यूपीएसची हद्द ओलांडली.

ह्यावरून ८० प्लस ह्या कार्यक्षमतेच्या शिक्क्याबद्दल पण सांगतो कारण तीन-चार जणांनी विचारलंय. ब्रॉन्झ, गोल्ड हे शिक्के फक्त किती वीज वाया जात नाही एवढंच सांगतात. ५५० चा गोल्ड आणि ५५० चा ब्रॉन्झ दोघंही आत ५५० च देतात, गोल्डला बिल थोडं कमी येतं आणि तो कमी तापतो. शिक्का आहे म्हणजे आतलं संरक्षण उत्तम असं आपोआप ठरत नाही, पण शिक्काच नसलेला घेण्यापेक्षा असलेला कधीही बरा.

तुम्हाला १००० किंवा ११०० व्हीएचा, ६०० वॅटच्या आसपासचा यूपीएस लागेल. दुसरी भानगड अशी की चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं, वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असतं आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो, ती काही एसएमपीएसना मानवत नाही. वॅट पुरेसे असूनही पडत असेल तर मग प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहर देणारा बघावा लागतो, तो महाग पडतो. तोवर एक करता येईल, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट ६० वर बांधून टाका, कार्डाची मागणी बरीच खाली येते. आणि लाईट गेल्यावर गेम चालू ठेवायचा हट्ट नको, यूपीएस सेव्ह करून बंद करण्यापुरता आहे. हो, आणि सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर नाहीये.

प्रश्न : कार्डाचे पंखे फिरतच नाहीत, पण चित्र येतं. बदलून घेऊ? — सातारा

उत्तर : नको. आजची बरीच कार्डं थंड असताना पंखे मुद्दाम बंद ठेवतात, तापमान पन्नास-साठच्या आसपास गेलं की फिरतात. एखादा गेम दहा मिनिटं चालवा. ऐंशीच्या पुढे गेलं आणि तरी फिरले नाहीत तर तक्रार करा.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीहून येताना एसएमपीएस आणतोय, तिथे सेल आहे म्हणे. तिकडची वीज ११० ची, इथे चालेल का? — डोंबिवली

उत्तर : लेबलवर एसी इनपुट १०० ते २४० असं लिहिलं असेल तर चालेल, फक्त वायर इथली लावा. मागे छोटा लाल स्विच असलेला जुन्या धाटणीचा असेल तर तो २३० वर आहे ना हे प्लग लावायच्या आधी बघा, ११५ वर राहिला आणि इथल्या लाईनला लावला तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जागच्या जागी जातो. पण मी असं सांगेन की आणू नका. बिघडला तर वॉरंटीला परत अमेरिकेत पाठवायला लागू शकतो, आणि बॅगेत वजनही दीड-दोन किलो. त्यापेक्षा इथे लॅमिंग्टन रोडला जा, बिल घ्या, पाच-सात वर्षांची वॉरंटी असलेला घ्या.

प्रश्न : मी थ्रीडीचं काम करते, आरटीएक्स ४०८० घेतलंय. त्याची ती छोटी १६ पिनची केबल वितळते असं सगळीकडे वाचलं, भीती वाटते. एसएमपीएस ८५० वॅट गोल्ड, जुन्या पद्धतीचा, ८ पिनच्या केबल्सवाला. — पुणे

उत्तर : ताई, भीती समजू शकते पण तुमच्या कार्डाचा लोड ३२० वॅट आहे आणि एनव्हिडिया ७५० चा एसएमपीएस सांगते, तुमच्याकडे ८५० आहे, तेव्हा ताकदीचा प्रश्न नाही. २०२२ मध्ये ज्या केबल्स वितळल्या त्या मुख्यतः ४०९० च्या, तिथे ४५० वॅट जातात, आणि कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सांगितलं की बऱ्याच केसेसमध्ये प्लग पूर्ण आत गेलेला नव्हता. नंतर ह्याच प्लगची सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात सेन्सच्या (प्लग बसलाय का ते कार्डाला कळवणाऱ्या) पिना आखूड केल्या म्हणजे अर्धवट बसला तर कार्डाला वीजच मिळू नये.

प्लग लावताना कार्ड कॅबिनेटबाहेर असतानाच लावा, हाताला जोर देता येतो. मध्ये फट दिसता कामा नये, टॉर्च मारून बघा. प्लगपासून तीन-चार सेंटिमीटर केबल सरळ राहू द्या, लगेच वाकवू नका, आणि बाजूची काच लावताना ती केबलला दाबत असेल तर काच न लावलेली परवडली. कार्डाबरोबरच्या जोडाला तीन ८ पिन लागतात, त्या तिन्हींना एसएमपीएसपासून वेगवेगळ्या तीन केबल्स आणा, एकाच केबलला दोन तोंडं असतात ती दोन्ही लावून मोकळं होऊ नका. महिन्याभराने एकदा बंद करून प्लग परत तपासा, सैल झाला नाही ना.

प्रश्न : मॉड्युलर (केबल्स सुट्या काढता येणारा) एसएमपीएस बदलला. जुन्या केबल्स छान बांधलेल्या होत्या म्हणून त्याच ठेवल्या, नवीन एसएमपीएसला त्या व्यवस्थित बसल्यापण. चालू केल्यावर एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही गेल्या. असं कसं? — ठाणे

उत्तर : वाचून फार वाईट वाटलं. डिस्कच्या बाजूचा प्लग ठरलेला आहे पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनमध्ये काय येतं ह्याला कुठलाही नियम नाही, प्रत्येक कंपनी आणि कधी कधी एकाच कंपनीची दोन मॉडेलं वेगळं ठेवतात. प्लग बसतो, पण जिथे ५ व्होल्ट यायचे तिथे १२ येतात. माझ्याही हातून हे एकदा झालंय, घरच्या लग्नाचे फोटो होते त्या डिस्कवर, म्हणून प्रत्येक वेळी लिहितो, एसएमपीएस बदलला की एकूणएक केबल बदला.

हार्डडिस्क टाकून देऊ नका. पुष्कळ डिस्कच्या पॉवरच्या तोंडाशी संरक्षणाचा डायोड असतो, तो जळतो आणि बाकीचं वाचतं. डेटा रिकव्हरीवाले बोर्ड दुरुस्त करून डेटा काढू शकतात. तुम्ही स्वतः दुसऱ्या सारख्या डिस्कचा बोर्ड काढून लावू नका, त्या डिस्कची स्वतःची माहिती तिच्या बोर्डवरच्या चिपमध्ये असते. एसएसडीची आशा कमी, पण दाखवून बघा. आणि परत चालू करून बघण्याचा मोह आवरा.

प्रश्न : पीसी बंद पडत नाही, पण गेममध्ये स्क्रीन काळी होते, दोन-तीन सेकंदांनी परत येते, गेम बंद झालेला असतो. आधी एएमडीचं कार्ड होतं, आता एनव्हिडियाचं. ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस आहे. परत एसएमपीएसच बदलायचा का? — पणजी

उत्तर : नाही, तुमचं लक्षण वेगळं आहे. वीज कमी पडली की पीसी अख्खा जातो, शटडाऊन, रीस्टार्ट. तुमचा पीसी जागाच आहे, फक्त कार्ड उत्तर द्यायचं थांबलं. विंडोज कार्डाची दोन सेकंद वाट बघतं आणि मग ड्रायव्हर परत चालू करतं, ती तुमची काळी स्क्रीन. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्प्ले, ४१०१ अशी नोंद सापडली तर तेच. ह्याला कारण बहुतेक ड्रायव्हर, कधी जास्त ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), क्वचित रॅम किंवा खरंच खराब कार्ड.

डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उतरवून घ्या. नेट बंद करा, नाहीतर विंडोज मधेच आपला ड्रायव्हर घुसवतं. सेफ मोडमध्ये जाऊन आधी एएमडीचं सगळं काढा, मग एनव्हिडियाचंपण काढा, रीस्टार्ट करा आणि एनव्हिडियाच्या साईटवरून आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाका. बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू असेल तर दोन दिवस बंद ठेवून बघा. तरी होत असेल तर कार्ड काढून त्याची स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा, तुमच्याकडच्या दमट हवेत त्यावर थर बसतो, चुरा नीट झटका आणि परत बसवा. एवढं करूनही काळी झाली तर कार्ड दुसऱ्या पीसीत दोन तास चालवा, तिथेही तसंच झालं तर बिल घेऊन दुकानात जा.